गच्चीवरचे सेल आणि झोपेची जुनी युक्ती

आमच्या नेरूळच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाक्यांना वायरलेस लेव्हल सेन्सर बसवून वर्ष झालं, आणि या वर्षात त्यांचे सेल किती वेळा बदलले याचा हिशेब ठेवणं सेक्रेटरी काकांनी सोडून दिलंय. दीड-दोन महिने झाले की एखादी विंग गप्प होते, मग टाकी ओव्हरफ्लो, मग ग्रुपवर फोटो, मग वॉचमन शिडी घेऊन वर. मागच्या मीटिंगला "आजकालच्या सेलमध्ये दमच नाही" असं सर्वानुमते ठरलं. मला काय ते पटलं नाही, कारण सेल चांगल्यातला लिथियमचा आहे. म्हणून हे लिहायला घेतलं, जरा लांबलंय.

सेलचं आधी पटकन उरकतो. फ्रान्सच्या लेक्लांशेने १८६६ मध्ये जो सेल केला तो ओला होता, काचेच्या बरणीतला. जर्मनीच्या गासनरने १८८०च्या दशकात तो कोरडा केला, आणि आपण टॉर्चमध्ये वर्षानुवर्षं घातले ते स्वस्तातले सेल त्याचेच वंशज. त्यात जस्ताचा डबा हेच इंधन असतं, सेल वापरला की डबाच खाल्ला जातो, म्हणून तर रिमोटमध्ये विसरलेला सेल फुटून सगळं चिकट करून ठेवतो. १९५०च्या दशकात लुईस अरीने अल्कलाइन सेल बाजारात विकण्यासारखा केला, पुढे लिथियमवाले आले. आमच्या गच्चीवरचा पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम थायोनिल क्लोराइड म्हणजे ३.६ व्होल्ट, साधारण २४०० मिलिअँपिअर-तास (एक मिलिअँपिअर घेत राहिलं तर २४०० तास पुरेल एवढा साठा), आणि नुसता पडून राहिला तर वर्षाला जेमतेम टक्काभर उतरणार. भारीच आहे, पण त्याच मापाच्या अल्कलाइनपेक्षा ऊर्जा फार तर दोन-अडीच पट. म्हणजे इतक्या वर्षांत सेल काही शंभर पट सुधारला नाही. शंभर पट फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने.

ज्याला हात लावता येत नाही अशा यंत्राचा सेल संपला की काय होतं हे सगळ्यात आधी पेसमेकरवाल्यांनी भोगलं. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर पूर्ण आत बसवला आणि तो काही तासांत बंद पडला. ते स्वतः २००१ पर्यंत जगले, पण तोवर वीसहून जास्त पेसमेकर बदलून झाले होते. सुरुवातीचे पाऱ्याचे सेल दोनेक वर्षांत जायचे, १९७२ पासून लिथियम-आयोडीनचे आले तेव्हा कुठे पेशंटची दर दोन वर्षांची चिरफाड थांबली. शिडी लावून गच्चीवर जाणं त्यामानाने काहीच नाही, हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही.

पण पेसमेकरला बाहेरचं कोणाचं ऐकत बसायचं नसतं. वायरलेसमध्ये खरी मेख तिथेच आहे. लोकांना वाटतं सिग्नल पाठवायला बॅटरी जाते. जाते ना, पण पाठवणं क्षणभराचं असतं, "आपल्याला कोणी हाक मारतंय का" म्हणून कान लावून बसणं चोवीस तासांचं. हिशेब करून बघा, रिसीव्हर दहा मिलिअँपिअर घेत असेल आणि सतत चालू ठेवला तर आमचा २४०० वाला सेल दहा दिवसांत खल्लास. तेच यंत्र झोपवलं आणि झोपेत पाच मायक्रोअँपिअर घेतले तर कागदावर ५४ वर्षं निघतात (तेवढा सेल स्वतः टिकत नाही, ते सोडा).

आता पेजर आठवा. १९९५च्या सुमारास आपल्याकडे आले, माझ्या मामाच्या कमरेला एक असायचा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळा होता त्याचा, टीटी वाजलं की पीसीओ शोधत पळायचा. पण एका छोट्या सेलवर ते डबडं आठवडेच्या आठवडे चालायचं, चोवीस तास ऐकत असून. कसं काय? तर ते ऐकत नसायचंच! पॉकसॅग नावाची पद्धत होती, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची, ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने बसवलेली (तिकडेही टेलिफोन तेव्हा पोस्टाच्याच खात्यात होता, आपल्या पी अँड टी सारखा). त्यात मेसेजच्या आधी टॉवर किमान ५७६ बिटांची नुसती पिरपिर पाठवायचा, ५१२ बिट प्रति सेकंद वेगाला म्हणजे सेकंदाहून थोडी जास्त. पेजर अधूनमधून एक डोळा उघडून बघायचा, पिरपिर ऐकू आली तर जागा, नाहीतर परत झोप. जागा झाला तरी पूर्ण वेळ नाही, मेसेजच्या प्रत्येक गठ्ठ्यात आठ कप्पे, तुमच्या पेजरच्या नंबरच्या शेवटच्या तीन बिटांवरून तुमचा कप्पा ठरलेला, त्या आठव्या हिश्श्यापुरते कान उघडायचे, बाकी सात दुसऱ्यांचे. मला तर वाटतं सेल वाचवायच्या धंद्यातली यापेक्षा देखणी कल्पना नंतर कोणाला सुचलीच नाही, सगळे हीच फिरवून फिरवून वापरतायत.

उदाहरणार्थ २००२ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी अमेरिकेच्या मेन राज्याजवळ ग्रेट डक आयलंडवर ३२ छोटे सेन्सर ठेवले. तिथे बिळात घरटी करणारे समुद्रपक्षी आहेत, माणूस सारखा जवळ गेला की घरटं सोडून जातात, म्हणून सेल बदलायला जायचंच नाही अशी अट. दोन पेन्सिल सेल, नऊ महिने. भागाकार केला तर दिवसाला आठेक मिलिअँपिअर-तास, एवढाच पगार, त्यात मोजणं, बोलणं, ऐकणं सगळं बसवायचं. अशा कामांतूनच २००४ मध्ये त्याच मंडळींनी बी-मॅक नावाची पद्धत आणली, ज्यात पाठवणारा आधी लांब पिरपिर करतो आणि ऐकणारा अधूनमधून डोकावतो. मामाचा पेजरच की हो!

पुढे फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ कंपनीचं लोरा तंत्र (थोड्या विजेत लांबवर छोटे मेसेज पाठवायचं) सेमटेक या चिपवाल्या कंपनीने २०१२ मध्ये विकत घेतलं आणि २०१५ मध्ये त्यावर यंत्रांनी कसं बोलायचं याचे, लोरावॅनचे, नियम आले. आमचे सेन्सर तेच वापरतात, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही. यात तर झोप अजून पुढे गेली. सेन्सर स्वतः बोलला की त्यानंतर दोन छोट्या खिडक्या उघडतो, कोणाला काय सांगायचं असेल तर तेव्हाच सांगा, एरवी कितीही हाका मारा, साहेब झोपलेत. मोबाइलवाल्यांनीही एनबी-आयओटीत (असल्या छोट्या यंत्रांसाठीच्या त्यांच्या नेटवर्कमध्ये) असंच घोरत पडायची सोय केली.

आणि सगळ्यात लांबचं यंत्र तर आमच्या खाडीवरच आहे. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंच्या पाठीवर सोलरवाले जीपीएस टॅग बसवले. गुजरातकडे उडालेल्या पक्ष्याला सेल बदलायला कोण बोलावणार? असले टॅग चार्ज कमी झाला की ठिकाण कमी वेळा नोंदवतात आणि नेटवर्क नसेल तिथे नोंदी पोटात ठेवून नंतर पाठवतात. पक्ष्याला जमतं ते टाकीला का जमू नये, म्हणून मी शेवटी आमचं सेटिंग उघडून बघितलं.

सेन्सर दर अर्ध्या मिनिटाला रिपोर्ट करत होते. टाकीतलं पाणी अर्ध्या मिनिटात असं कितीसं हलतं? त्यात भर म्हणजे गेटवे (सेन्सरचे मेसेज पकडणारा डबा) बसवलेला तळघरातल्या मीटर रूममध्ये, सिग्नल मरतुकडा, आणि सिग्नल कमी असला की लोरा तोच मेसेज ताणून ताणून पाठवतं, जवळून पन्नास मिलिसेकंदात जाणारा मेसेज दीड सेकंद घेतो. दीड सेकंद चाळीस मिलिअँपिअरने, दिवसाला २८८० वेळा, म्हणजे रोजचे ४८ मिलिअँपिअर-तास. २४०० ला ४८ ने भागा, ५० दिवस. सेल बिचारा अगदी हिशेबाने मरत होता.

गेटवे आता लिफ्ट रूममध्ये नेलाय आणि रिपोर्ट दहा मिनिटांनी. काका म्हणाले, "अरे, पंप चालू असताना दहा मिनिटं थांबलो तर टाकी वाहूनच जाईल ना?" बरोबर आहे त्यांचं, पण मेनूत खोल कुठेतरी "पातळी बदलली तर लगेच कळव" असा पर्याय होता, तो कोणी चालूच केला नव्हता. अजून एक, हा सेल बराच वेळ पडून राहिला की आत लिथियमवर पापुद्रा धरतो आणि पहिल्या झटक्याला व्होल्टेज पडतं. वॉचमन कपाटातले नवेकोरे सेल लावून "हे पण डेड" म्हणून फेकत होता, ते असेच गेले असावेत.

ए आणि बी विंग आता पाचवा महिना चालू आहे. सी विंगचा बॉक्स अजून जुन्याच सेटिंगवर आहे, त्याची किल्ली आधीच्या सेक्रेटरींकडे राहिली आणि ते गावाला गेलेत.