औषध बनवते कोण, स्पंज की त्यातला जिवाणू?

‘समुद्री स्पंजात सापडले नवे प्रतिजैविक’ अशा मथळ्याची बातमी वरचेवर वाचायला मिळते. बातमी बहुधा खोटी नसते, पण तिच्यात दोन गोष्टी हमखास गाळलेल्या असतात. एक, ते रसायन अनेकदा स्पंज बनवतच नाही. दोन, रसायन सापडणे आणि त्याचे औषध होणे यांत फार मोठे अंतर असते.

स्पंज हा प्राणी आहे. त्याला मेंदू नाही, पोट नाही, आणि प्रौढपणी जागचे हलता येत नाही. अंगावरच्या असंख्य छिद्रांतून पाणी आत घ्यायचे, त्यातले जिवाणू आणि बारीक कण गाळून खायचे, पाणी बाहेर सोडायचे, हेच त्याचे आयुष्य. किलोभर वजनाचा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळू शकतो. आणि जिवाणू खाऊन जगणाऱ्या या प्राण्याच्या शरीरात दुसरे जिवाणू सुखाने नांदतात. काही जातींत तर वजनाचा तिसरा हिस्सा त्यांचाच असतो. ज्याला पळता येत नाही त्याला माशांपासून आणि अंगावर वाढू पाहणाऱ्या जीवांपासून वाचायला विष उपयोगी पडते. हे विष पुरवते कोण?

1996 मध्ये कॅरोल ब्यूली, जॉन फॉकनर आणि सहकाऱ्यांनी थिओनेला स्विन्होई या स्पंजाच्या पेशी सुट्या केल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळ्या केल्या आणि कशात कोणते रसायन आहे ते तपासले. बुरशीला मारणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, निघाले तंतूसारख्या जिवाणूंमध्ये, तर स्विन्होलाइड नावाचे विषारी संयुग एकपेशीय जिवाणूंमध्ये. 2014 मध्ये योर्न पील यांच्या गटाने या स्पंजातल्या तंतुमय जिवाणूंचा, म्हणजे एन्टोथिओनेलाचा, जनुकसंच वाचला. पिवळ्या गराच्या थिओनेलातली जवळजवळ सगळी ज्ञात क्रियाशील रसायने हा एकटा जिवाणू बनवतो, असे त्यातून दिसले.

त्यातले पॉलिथिओनामाइड हे माझे सर्वांत आवडते. ही 48 अमिनो आम्लांची साखळी आहे. अमिनो आम्ले आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांत असू शकतात, डावी आणि उजवी. पेशीतला रायबोसोम प्रथिने विणताना फक्त डावी वापरतो. पॉलिथिओनामाइडमध्ये मात्र डावे-उजवे जवळपास एकाआड एक येतात. म्हणून ही साखळी रायबोसोमची असूच शकत नाही, असे मानले जाई. 2012 मध्ये तिचे जनुक सापडले आणि हा समज कोसळला. रायबोसोम नेहमीसारखी डावी साखळी विणतो. मग एक विकर (एन्झाइम) तिच्यावर काम करते. ते ठरावीक अमिनो आम्लाच्या मध्यवर्ती कार्बनवरचा हायड्रोजन एका बाजूने उपटते, दुसऱ्या बाजूने हायड्रोजन जोडला जातो, आणि डावे उजवे होऊन बसते. एकच विकर, पण उलटवाउलटव साखळीभर!

या उलटापालटीने आकार पालटतो. डाव्या-उजव्यांची आलटूनपालटून साखळी गुंडाळली की प्रत्येक अमिनो आम्लाची शेपटी बाहेर राहते आणि मधोमध पोकळी उरते, म्हणजे एक रेणूएवढी नळी तयार होते. तिची लांबी पेशीपटलाच्या जाडीशी जुळते. नळी पटलात आरपार रुतली की हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, तिच्यातून मोकाट वाहतात. पेशीची ऊर्जा आयनांच्या आतल्या-बाहेरच्या फरकावर चालते. तो फरक संपला की पेशी मरते. ग्रॅमिसिडिन हे 1939 मध्ये रेने ड्युबॉस यांनी जाहीर केलेले प्रतिजैविक असेच काम करते, पण त्याची साखळी 15 अमिनो आम्लांची, म्हणून दोन रेणू टोकाला टोक लावून एक नळी करतात. ग्रॅमिसिडिन डोळ्यांच्या थेंबांत चालते, रक्तात टोचता येत नाही, कारण ते तांबड्या पेशीही फोडते.

पॉलिथिओनामाइडही सस्तन प्राण्यांच्या पेशींना अत्यल्प मात्रेत मारते. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ असे सांगून काहीही विकणाऱ्यांनी हे रसायन एकदा समजून घ्यावे. निसर्गाने ते मारण्यासाठीच बनवले आहे.

स्पंजातले काही जिवाणू, विशेषतः ॲक्टिनोबॅक्टेरिया, प्रयोगशाळेत वाढतात. त्यांचा अर्क रोगजंतूंच्या बशीवर टाकायचा आणि त्याभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते का पाहायचे, ही जुनी रीत अजून चालते. कोक्युरिया जिवाणूपासून मिळालेले कोक्युरिन असेच मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस या रोगजंतूवर प्रभावी दिसले. पण बहुतेक वर्तुळांमागे आधीच माहीत असलेले रसायन निघते, म्हणून वस्तुमान वर्णपटाने, म्हणजे रेणूंचे वजन मोजून, ओळख लवकर पटवावी लागते. शिवाय रसायने बनवणारे अनेक जनुकसमूह बशीत झोपलेलेच राहतात. शेजारी दुसरा जिवाणू वाढवला तर त्यांतले काही जागे होतात.

एन्टोथिओनेलासारखे जिवाणू मात्र बशीत वाढतच नाहीत, आणि स्पंज ओरबाडून औषध पुरवता येत नाही. कर्करोगावरच्या हॅलिकॉन्ड्रिनसाठी टनभर स्पंजातून सुमारे 300 मिलिग्रॅमच हाती आले होते. म्हणून आता जनुकांचा क्रम हाती धरून शोध होतो. मायक्रोव्हर्ग्युला या सहज वाढणाऱ्या जिवाणूत पॉलिथिओनामाइडसारखाच जनुकसमूह सापडला आणि त्याच्याकडून तशाच नळीचे पेप्टाइड बनवून घेता आले. त्यासाठी एकही स्पंज कापावा लागला नाही.