पिकायच्या आधी कापलेलं पीक

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात रोज एक गंमत घडते. नवती (नवी लागवड) असो की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली बाग), केळ्याच्या कडा गोलसर झाल्या की घड हिरवागार असतानाच कापतात. म्हणजे पीक हाती येतं ते पिकायच्या आधी! बागेतच पिकू दिलं, तर दिल्लीला ट्रक पोचेपर्यंत लगदा व्हायचा.

‘पीक’ आणि ‘पिकणं’ ही दोन्ही संस्कृत ‘पच्’ धातूची नातवंडं. पच् म्हणजे शिजवणं. त्यापासून ‘पक्व’, प्राकृतात ‘पक्क’ नि ‘पिक्क’, आणि तिथून आपलं ‘पिकणं’. अहिराणीत ‘पिकेल’. चुलीवर भात शिजतो आणि झाडावर आंबा पिकतो, दोन्हीला संस्कृतात एकच धातू. पोटातलं पचन, साखरेचा पाक, कर्माचा विपाक हे त्याच घरातले, पिकलेला फोडसुद्धा.

पण ‘पचना’त च आणि ‘पाका’त क, असं का? हा बदल पाणिनीनं सूत्रात बांधला. त्यामागचं कारण मात्र 1870च्या दशकात युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांना उमगलं. ‘की’ आणि ‘को’ म्हणून पाहा. ‘की’ला जीभ पुढं, टाळूकडं सरकते. संस्कृतच्या पूर्वज भाषेत या धातूच्या शेवटी क-सारखाच ध्वनी होता. पुढं ‘ए’ आला की तो टाळूकडं सरकून च झाला, ‘ओ’ आला तिथं क राहिला. मग ते जुने ए-ओ जाऊन अ-आ उरले. कारण पुसलं गेलं, परिणाम तेवढा राहिला. शोचनीय आणि शोक ही जोडीही तशीच.

लॅटिनमध्ये आणखी मजा. तिथं सुरुवातीचा पसुद्धा शेवटच्या क-च्या नादानं क झाला. आपल्या ‘पंच’चं तिकडं ‘क्विंक्वे’ झालं तसं. ‘पच्’च्या त्या लॅटिन भावंडातून, ‘कोक्वेरे’मधून, इंग्रजी कुक आणि किचन आले. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती, बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं. अ‍ॅप्रिकॉटच्या मुळाशीही ‘लवकर पिकणारं’ हा लॅटिन शब्द आहे, अरबीतून फिरून आलेला. म्हणजे शिजणं-पिकणं त्यांनाही एकच वाटत होतं. ग्रीकांनी प जपला: पचनाला ते ‘पेप्सिस’ म्हणत, म्हणून 1836 मध्ये थिओडोर श्वान यांनी जठरातल्या विकराला (एन्झाइमला) पेप्सिन नाव दिलं.

केळ्याच्या बाबतीत तर ‘पिकणं म्हणजे शिजणं’ ही नुसती उपमा नाही. हिरव्या गरात 20 टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं. पिकताना विकरं त्याची साखर करतात. त्याला चालना देतो इथिलीन वायू. पूर्वी घड बंद खोलीत रचून धूर कोंडायचे, त्याला भट्टीच म्हणत. काम करायचा तो धुरातला इथिलीन. आता रायपनिंग चेंबरमध्ये तोच वायू मोजून सोडतात, तोही 16 ते 18 अंशांच्या गारव्यात. ना धूर, ना आच. चार-पाच दिवसांनी दार उघडलं की आत पिवळ्या फण्या, आणि मग पीक पिकतं.