मांजाने कापलेलं बोट: टाके घालण्याआधी काय बघायचं

१४ जानेवारीचं उत्तरायण आणि १५ तारखेचं वासी उत्तरायण, या दोन दिवसांत बडोद्याच्या गच्च्यांवर काय चालतं ते रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. गळा चिरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामुळे स्कूटरला पुढे वाकवलेली सळई लावून घ्यायची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. बोटाच्या जखमेकडे मात्र कोणी तितकं लक्ष देत नाही. चिकटपट्टी गुंडाळायची आणि पुढचा पतंग चढवायचा. बहुतेक वेळा ते निभावूनही जातं, कारण जखम कातडीपुरतीच असते. पण ज्या थोड्या जखमा खोल गेलेल्या असतात, त्यासुद्धा बाहेरून हुबेहूब तशाच दिसतात. जेमतेम एक सेंटिमीटरची स्वच्छ चीर, रक्त पाच-दहा मिनिटांत थांबलेलं, आणि आत बोट वाकवणारी कंडरा पूर्ण तुटलेली.

सुती मांजावर खळीत कालवलेली काचेची पूड चढवलेली असते. नायलॉनच्या मांजाची गोष्ट वेगळी. सुती दोरा जिथे तुटून हात मोकळा करतो, तिथे नायलॉन तुटत नाही, तो कापत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. ढील देताना दोरा तर्जनीच्या वळीवरून सरकत राहतो आणि वरवरच्या चिरा पाडतो. खोल जखमा होतात त्या मूठ आवळलेली असताना बसलेल्या हिसक्याने. दोरा एखाद्या वाहनात अडकला किंवा खाली कोणी ओढला, की तो मुठीतून सर्रकन जातो आणि दोन-तीन बोटं एका रेषेत कापतो.

बोटांत वाकवणारा स्नायू मुळी नसतोच. तो असतो कोपराखाली, पुढच्या हातात. तिथून दोरीसारख्या पांढऱ्या कंडरा, डॉक्टर ज्यांना टेंडन म्हणतात त्या, मनगटातून बोटांत येतात. अंगठ्याला अशी एक कंडरा आणि बाकीच्या प्रत्येक बोटाला दोन. वरची कंडरा मधल्या पेरावर संपते आणि मधला सांधा वाकवते. खालची, म्हणजे खोलवरची, थेट टोकाच्या पेरापर्यंत जाते. गंमत अशी की टोकापर्यंत पोचायला तिला वरच्या कंडरेतून वाट काढावी लागते. वरची कंडरा दुभंगते आणि खालची त्या फटीतून पुढे येते. हा सगळा प्रकार एका अरुंद नळीत चालतो. नळी हाडाला घट्ट धरून ठेवायला जागोजागी पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. सायकलच्या ब्रेकची तार तिच्या वेष्टनातून सरकते, तशी कंडरा या नळीतून सरकते. पुली तुटल्या तर कंडरा धनुष्याच्या दोरीप्रमाणे हाडापासून सुटून वर येते आणि स्नायूने कितीही ओढलं तरी बोट पुरतं वाकत नाही. यांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या पुली शल्यचिकित्सक जिवापाड जपतात.

तळहाताच्या वरच्या वळीपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा हा टापू, जिथे दोन्ही कंडरा एकाच नळीत असतात, तो सर्वांत कठीण. अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. तिथे तुटलेली कंडरा लगेच शिवू नये, नुसती कातडी बंद करावी आणि नंतर दुसरीकडची कंडरा आणून जोडावी, असाच सल्ला तेव्हा दिला जाई, कारण शिवलेली कंडरा नळीला चिकटून बसे. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडचे क्लॉद व्हर्दाँ आणि अमेरिकेतले हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी तिथेही थेट शिवून चांगलं बोट मिळू शकतं हे दाखवलं. मांजाची जखम बहुधा नेमकी याच टापूत असते. बोटांच्या वळ्यांखाली चरबी जवळजवळ नसतेच. कातडी संपली की नळी सुरू.

घरी जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि हात छातीच्या वर ठेवायचा. सलग दहा मिनिटं दाब पुरतो, मात्र मध्ये उघडून बघायचं नाही. हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही भरायचं नाही, नंतर ते धुऊन काढण्यात वेळ जातो. बोटाला दोरा किंवा रबर आवळून बांधणं ही सर्वांत वाईट सवय. रक्त थांबतं, पण बोट काळं पडू शकतं. अंगठ्या लगेच काढाव्यात, तासाभरात सूज आली की त्या कापाव्या लागतात.

आता तपासणी. बोट बधिर करण्याआधीच ती व्हायला हवी, कारण भूल दिल्यावर संवेदनेबद्दल काहीच कळत नाही. गर्दीच्या दिवशी हीच पायरी सुटते.

पहिल्यांदा हात नुसता बघायचा. तळहात वर करून सैल सोडला की चारही बोटं थोडी वाकलेली राहतात, तर्जनीपासून करंगळीकडे वाक वाढत जातो. एखादं बोट त्या ओळीतून बाहेर पडून सरळ पडलेलं दिसलं, तर त्याच्या दोन्ही कंडरा गेल्या असं समजायला हरकत नाही. मग मधला सांधा सरळ धरून ठेवायचा आणि फक्त टोक वाकवायला सांगायचं. टोक हललं नाही तर खोलवरची कंडरा तुटली. वरच्या कंडरेसाठी उलट करायचं: बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरायची आणि जखमी बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगायचं.

ही दुसरी चाचणी पतंगवाल्यांच्या बाबतीत नेमकी दगा देते. तर्जनीची खोलवरची कंडरा बऱ्याचदा बाकीच्यांपासून स्वतंत्र चालते, त्यामुळे वरची तुटली असली तरी मधला सांधा वाकतो आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून तर्जनीसाठी अंगठा आणि तर्जनी यांच्यात कागद धरून घट्ट दाबायला सांगतात. तर्जनीचं टोक सरळ ठेवून पेरांच्या गादीने कागद दाबता आला, तर वरची कंडरा शाबूत. दर वेळी टोक वाकूनच कागद धरला जात असेल, तर शंका घ्यावी. करंगळीतही घोटाळा असतो. काही लोकांत तिची वरची कंडरा अनामिकेच्या कंडरेला जोडलेली असते, म्हणून जखम नसतानाही चाचणी बिघडलेली येते. दुसऱ्या हाताशी ताडून बघणं हा त्यावरचा सोपा मार्ग.

अर्धवट तुटलेली कंडरा बोट वाकवते. पण टोकावर आपण उलटा जोर दिला की कळ येते किंवा ताकद कमी भासते. रडणारं लहान मूल सांगितलेलं करत नाही. अशा वेळी मनगट मागे वाकवून बघतात. कंडरा शाबूत असतील तर बोटं आपोआप मिटतात. पुढच्या हाताचे स्नायू हलके दाबले तरी तेच दिसतं.

नसा तपासायला पेपरक्लिप पुरते. तिची दोन टोकं ५-६ मिलिमीटर अंतरावर ठेवून बोटाच्या प्रत्येक बाजूला हलकेच टेकवायची. निरोगी बोटाला ती दोन टोकं वेगळी कळतात. एक बाजू बधिर असेल तर त्या बाजूची संवेदनेची नस तुटली असण्याची शक्यता मोठी. बोटात नस रक्तवाहिनीच्या पुढे, म्हणजे कातडीच्या जवळ असते. त्यामुळे जखमेतून चिळकांडी उडत असेल तर दोरा नसेतून गेलाच असणार. याच कारणाने रक्त थांबवायला आत आंधळेपणाने चिमटा लावू नये. नस चिरडली तर नंतर ती शिवणं अवघड होतं. बोट एका बाजूच्या धमनीवरही जगतं. दोन्ही तुटून बोट पांढरंफटक आणि गार पडलं असेल तर शस्त्रक्रियेला तासांचा हिशेब लागतो.

नुसती कंडरा तुटली असेल तर मध्यरात्री धावपळ करायची गरज नसते. जखम सलाइनने धुऊन, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन, कातडी सैल शिवून आणि स्प्लिंट, म्हणजे बोट हलू नये म्हणून आधाराची पट्टी, लावून पुढच्या काही दिवसांत हाताच्या शल्यचिकित्सकाकडे पोचलं तरी चालतं. पहिला आठवडा उत्तम. दोन आठवड्यांपर्यंत बहुधा जमतं. त्यानंतर स्नायू आखडतो, कंडरेचं स्नायूकडचं टोक तळहातात मागे गेलेलं असतं आणि ओढून जुळवणं कठीण होत जातं.

शस्त्रक्रियेत कातडीची मूळ चीर नागमोडी वाढवतात, कारण वळ्या छेदणारी सरळ चीर भरताना आखडते आणि बोट वाकडं राहतं. तुटलेलं टोक मात्र चिरेखाली सापडत नाही. कापताना मूठ मिटलेली होती. बोट सरळ केलं की बोटाकडचं टोक जखमेच्या पुढे, नखाकडे सरकतं आणि दुसरं टोक स्नायू मागे खेचतो. म्हणजे दोन टोकं शोधायची ती दोन वेगळ्या ठिकाणी, आणि तीही पुली न कापता. स्नायूकडचं टोक चिमट्याने वारंवार पकडायचा प्रयत्न केला तर ते कुस्करतं आणि नळीच्या आतल्या अस्तरालाही ओरखडे पडतात. पुढे तिथेच कंडरा चिकटते. त्यापेक्षा तळहातात वेगळी छोटी चीर घेऊन, पातळ नळीला बांधून ते पुढे सरकवणं बरं.

शिवण दुहेरी असते. गाभ्यात ३-० किंवा ४-० क्रमांकाचा मजबूत धागा, तुटलेल्या कडेपासून साधारण १ सेंटिमीटर आतून धरलेला, आणि जोडावरून किमान चार पदर जाणारा. मग कडेने ६-० क्रमांकाच्या बारीक धाग्याची गोल शिवण, म्हणजे जोड गुळगुळीत राहतो आणि पुलीखाली अडकत नाही. दोन पदरांची जुनी शिवण बोट लवकर हलवायला पुरी पडत नाही. जोड पुढे ३ मिलिमीटरहून जास्त फाकला तर तो नीट बळकट होत नाही. नसा ८-० ते १०-० धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा भिंगाच्या चष्म्यातून शिवतात. नसेचे तंतू साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढतात, म्हणून बोटाच्या मुळाशी तुटलेल्या नसेची टोकाला जाणीव यायला महिने लागतात.

अलीकडे ही शस्त्रक्रिया रुग्णाला पूर्ण जागं ठेवून करण्याचा प्रघात वाढला आहे. कॅनडाचे डॉ. डोनाल्ड लॅलाँड यांनी तो रूढ केला. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात १ लाखास १ प्रमाणात रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळून टोचायचं आणि २५-३० मिनिटं थांबायचं. तोवर रक्तस्राव इतका कमी होतो की दंडावर पट्टा फुगवावा लागत नाही. बोटात अ‍ॅड्रेनलिन टोचू नये ही जुनी भीती आता मागे पडली आहे, आणि गरज पडलीच तर फेंटोलामिन हा उतारा असतो. खरा फायदा टेबलावरच मिळतो. शिवून झाल्यावर रुग्णाला बोट वाकवून दाखवायला सांगतात. जोड पुलीला अडकतोय किंवा फाकतोय असं दिसलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं.

आणि मग सुरू होतात ते सहा आठवडे, ज्यांत अर्ध्याहून अधिक निकाल ठरतो असं आमचं मत. बोट अजिबात हलवलं नाही तर कंडरा नळीला चिकटते. जोर लावून हलवलं तर जोड तुटतो, आणि पहिल्या तीन आठवड्यांत तो सर्वांत कच्चा असतो. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट बसवतात, बोटांचा मुळाचा सांधा वाकलेला ठेवून. त्यात बोटं मिटता येतात, पण पूर्ण मागे ताणता येत नाहीत. सूज जरा उतरली की तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू होतो. आधी दुसऱ्या हाताने बोट मिटवून देणं, मग हलकेच स्वतःहून अर्धी मूठ.

१६ जानेवारीला शस्त्रक्रिया झाली असेल तर स्प्लिंट २७ फेब्रुवारीपर्यंत. कळशी, पिशवी, गॅसचं सिलिंडर हे १० एप्रिलच्या आत नाही. कंडरा तुटण्याचे प्रसंगही अशा साध्या वेळीच येतात: झोपेत स्प्लिंट काढून ठेवलेलं, अंघोळीत पडताना बादलीची कडी पकडलेली, ‘आता दुखत नाही’ म्हणून तिसऱ्याच आठवड्यात स्कूटरचा क्लच दाबलेला. बोटात एकदम ‘टक’ झालं आणि वाकणं बंद झालं, तर त्याच दिवशी दाखवायला जायचं. लगेच पुन्हा शिवता येतं. याच काळात बोट आखडून जाड सुजलं, नळीच्या पूर्ण लांबीवर दुखू लागलं आणि किंचित सरळ केलं तरी असह्य कळ आली, तर नळीत पू झाल्याची ती लक्षणं. औषधाची वाट बघत रात्र काढायची नाही.

व्यायाम नीट करूनही बोट चिकटलंच, तर साधारण तीन ते सहा महिन्यांनी चिकटलेली कंडरा सोडवण्याची वेगळी शस्त्रक्रिया करतात. उत्तरायणात नुसते टाके घालून घेतलेला माणूस होळीनंतर ‘टोक वाकत नाही’ म्हणून आला तर गणित बदलतं. फक्त खोलवरची कंडरा गेली असेल आणि मधला सांधा छान वाकत असेल, तर कित्येकदा काहीच न करणं किंवा टोकाचा सांधा कायमचा जोडून टाकणं शहाणपणाचं ठरतं. दोन्ही गेल्या असतील आणि नळी मिटली असेल तर दोन टप्पे लागतात. पहिल्यात नळीत सिलिकॉनची काडी ठेवतात. साधारण तीन महिन्यांत तिच्याभोवती नवं गुळगुळीत अस्तर तयार होतं. दुसऱ्या टप्प्यात ती काढून तिथे मनगटाजवळची पामॅरिस लाँगस ही कंडरा घालतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवलं की मध्यभागी जी दोरी उठून दिसते ती हीच. काहींना ती जन्मतः नसते. अशांच्या बाबतीत पायातून कंडरा घ्यावी लागते.