मार्क श्ट्राइट: स्विस बचावपटूच्या उशिरा फळलेल्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

जून २००४ मध्ये उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, वार्षिक खेळाडू-निवडीत माँट्रियाल कॅनेडियन्स संघाने नवव्या फेरीत, २६२ व्या क्रमांकावर, मार्क श्ट्राइट हे नाव घेतले. ही निवड मुख्यतः अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी असते, आणि श्ट्राइट तेव्हा २६ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी लीगने फेऱ्या नऊवरून सातवर आणल्या. ज्या फेरीत त्याचा नंबर लागला, ती फेरीच त्यानंतर उरली नाही.

इतका अनुभवी बचावपटू इतक्या तळाशी का राहिला, हे समजण्यासाठी स्विस आइस हॉकीचा इतिहास पाहावा लागतो. १९०८ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ स्थापन झाला, त्यात स्वित्झर्लंड सुरुवातीपासून होते. दावोसची श्पेंगलर चषक स्पर्धा १९२३ पासून खेळवली जाते, आणि सेंट मॉरित्झ येथे झालेल्या १९२८ व १९४८ च्या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये यजमानांनी कांस्यपदक मिळवले होते. पुढे मात्र मोठी घसरण झाली. १९७० च्या दशकात हा संघ जागतिक स्पर्धेच्या तिसऱ्या गटापर्यंत खाली गेला, आणि एनएचएलमध्ये पहिला स्विस खेळाडू उतरायला १९९५ साल उजाडले; तो गोलरक्षक पाउली याक्स, आणि त्याच्या वाट्याला एकच सामना आला. युरोपातील प्रशस्त, सुमारे ३० मीटर रुंद रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, वाढलेला स्विस बचावपटू उत्तर अमेरिकेच्या २६ मीटरच्या रिंकवरील धक्काबुक्कीत टिकेल, यावर तिकडे फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

बर्नजवळच्या एंगलिसबर्ग गावात ११ डिसेंबर १९७७ रोजी जन्मलेला श्ट्राइट फ्रिबूर्ग आणि दावोसच्या संघांतून पुढे आला. १९९९-२००० च्या हंगामात तो स्वतःहून अमेरिकेला गेला आणि स्प्रिंगफील्ड, युटा आणि टॅलाहॅसी अशा तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या दुय्यम लीगमध्ये खेळला. एनएचएलचे दार काही उघडले नाही. परतल्यावर झुरिकच्या झेडएससी लायन्स संघातून तो पाच हंगाम खेळला आणि २००१ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत निर्णायक काळ हाच आहे, कारण एकदा नाकारला गेलेला खेळाडू मायदेशी मानाने आणि आरामात राहू शकत असतानाही पुन्हा जाण्याची तयारी करत राहिला.

काळानेही त्याला साथ दिली. मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे २००४-०५ चा एनएचएल हंगाम पूर्ण रद्द झाला, आणि लीग पुन्हा सुरू झाली ती बदललेल्या नियमांसह. प्रतिस्पर्ध्याला अडवून, धरून ठेवण्यावर कडक शिक्षा होऊ लागली आणि दोन रेषा ओलांडणारा लांब पास वैध ठरला. अंगाने अवाढव्य नसलेल्या, पण पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घेऊन वेगाने सरकणाऱ्या बचावपटूंना त्यामुळे भाव आला. श्ट्राइटची उंची जेमतेम १८० सेंटिमीटर होती, आणि २७ व्या वर्षी त्याने एनएचएलमध्ये पदार्पण केले.

माँट्रियालने त्याला नेमके काय करायचे ते लगेच ठरवले नाही. कित्येक सामन्यांत तो चक्क आघाडीच्या फळीत कडेला खेळला. २००७ च्या उन्हाळ्यात शेल्डन सूरे संघ सोडून गेला आणि पॉवर प्लेमधली त्याची जागा श्ट्राइटला मिळाली. क्रिकेटच्या पॉवर प्लेशी याचे साम्य नावापुरतेच आहे: प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतो, तेवढा वेळ एका गड्याचे आधिक्य मिळते. प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या सीमेवरील निळ्या रेषेवर श्ट्राइट आणि आंद्रेई मार्कोव्ह पक एकमेकांकडे सरकवत राहायचे, समोरचा बचाव एका बाजूला ओढला गेला की दुसऱ्या बाजूने फटका किंवा पास सुटायचा. त्या हंगामात माँट्रियालचा पॉवर प्ले लीगमध्ये अव्वल ठरला, आणि श्ट्राइटने १३ गोल व ४९ साहाय्य (गोलाआधीचे पास) मिळून ६२ गुण नोंदवले.

त्या बळावर २००८ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सने त्याच्याशी पाच वर्षांचा, २ कोटी ५ लाख डॉलरचा करार केला. खांद्याच्या दुखापतीने २०१०-११ चा संपूर्ण हंगाम हातचा गेला. तरी सप्टेंबर २०११ मध्ये तो कर्णधार झाला, एनएचएलमधला पहिला स्विस कर्णधार. पुढे फिलाडेल्फियात चार हंगाम गेले.

१ मार्च २०१७ रोजी एकाच दिवसात त्याची फिलाडेल्फियाहून टँपा बे आणि तेथून पिट्सबर्ग अशी दोनदा अदलाबदल झाली. त्याच वर्षी पिट्सबर्गची अंतिम फेरीत गाठ पडली ती नॅशव्हिलशी, ज्या संघात रोमान योसी, यानिक वेबर आणि जायबंदी झालेला केविन फियाला असे तीन स्विस होते. बर्नमध्येच जन्मलेला योसी २००८ मध्ये, अठराव्या वर्षी, दुसऱ्या फेरीत ३८ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. श्ट्राइटच्या त्या ६२ गुणांच्या हंगामानंतर काही आठवड्यांनीच. ११ जूनला नॅशव्हिलच्या रिंकवर पिट्सबर्गने सहावा सामना २-० असा जिंकला. श्ट्राइट अंतिम फेरीत एकही सामना खेळला नव्हता, उपांत्य फेरीत केवळ तीन खेळला होता. पण एनएचएलच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली चषक त्याच्या संघाकडे आला, तो योसीच्या घरच्या बर्फावर.

त्या सप्टेंबरमध्ये नॅशव्हिलने योसीला कर्णधार नेमले. ऑक्टोबरमध्ये माँट्रियालला परतलेला श्ट्राइट दोन सामने खेळून थांबला. त्याच्या नावावर तेव्हा ७८६ सामने आणि ४३४ गुण होते.