आवळा-डाळिंबाच्या रसाने गरोदरपणातलं बीपी टळतं?

‘रोज आवळ्याचा रस, डाळिंब, ग्रीन टी घ्या; अँटिऑक्सिडंट मिळतात, गरोदरपणात बीपी वाढत नाही,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही.

त्याचं मूळ मात्र संशोधनातच आहे. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या गंभीर आजारात, वारेला रक्तपुरवठा नीट होत नाही, ऑक्सिडेशनचा ताण (पेशींना इजा करणाऱ्या, अँटिऑक्सिडंट ज्यांना रोखतात अशा रेणूंचा भार) वाढतो आणि आईच्या रक्तवाहिन्यांना इजा पोचते. १९९९ साली लंडनमधल्या २८३ गर्भवतींच्या अभ्यासात ‘क’ आणि ‘ई’ या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी हा आजार कमी झालेला दिसला, आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग २००६ मध्ये ब्रिटनमधल्या जोखमीच्या सुमारे २,४०० आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या पहिलटकरीण अशा सुमारे १०,००० गर्भवतींवर तेच डोस तपासले गेले: रोज १,००० मिलिग्रॅम ‘क’, ४०० युनिट ‘ई’. आजार टळला नाही. ब्रिटनमध्ये तर कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. एवढ्या मोठ्या डोसने जे साधलं नाही, ते पेलाभर रसाने साधेल असं म्हणायला आधार नाही. आवळा जरूर खा, पण बीपीचं औषध म्हणून नको.

खरोखर उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: जोखीम जास्त असेल तर डॉक्टरांनी वेळेत सुरू केलेली कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्या गोळ्या. रसाच्या भरवशावर चालू गोळी बंद करणं फार धोक्याचं आहे. बीपी १४०/९० किंवा त्याहून वर, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, यातलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.