स्टुडिओ फ्लॅशचा रिमोट आणि मधल्या पिनचा वाद

कॅमेऱ्यावरच्या ट्रान्समीटरवरून, म्हणजे ट्रिगरवरून, स्टुडिओतल्या प्रत्येक लाईटची पॉवर कमी-जास्त करणे आता अंगवळणी पडले आहे. त्यामुळे फ्लॅश फायर करणे आणि त्याची पॉवर बदलणे ही दोन निराळी कामे आहेत, हे सहसा ध्यानात राहत नाही. पहिले काम केव्हाच सुटले होते. दुसरे सुटता सुटता प्रत्येक कंपनीने आपापले कुंपण घालून घेतले. वाद आहे तो हॉट शूमधल्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावर फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायच्या खाचेतल्या, मधल्या पिनचा.

कॅमेरा आणि लाईट जोडणाऱ्या सिंक केबलमध्ये सगळा व्यवहार दोन तारांचा. शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडला की कॅमेऱ्यातला संपर्क जुळतो आणि फ्लॅश पडतो. केबल पायात अडकते, केबलचा पीसी प्लग सैल होतो, हे त्रास होतेच. पण जुन्या लाईटचे ट्रिगर व्होल्टेज २०० व्होल्टच्या पुढेही असायचे आणि त्याने डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जाऊ शकते. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून फायर होणारे ऑप्टिकल स्लेव्ह आले तेव्हा तार सुटली, पण टीटीएलच्या, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून आपोआप पॉवर ठरवणाऱ्या पद्धतीच्या, प्री-फ्लॅशवरच (मोजणीसाठी आधी पडणाऱ्या छोट्या फ्लॅशवरच) स्लेव्ह उडून जायचा आणि खरा फोटो निघताना तो चार्जच होत असायचा. प्री-फ्लॅश सोडून देणारा एस२ मोड आला तो त्यासाठी. इन्फ्रारेडला समोरासमोर असावे लागते, आणि कडक उन्हात त्याचा भरवसा नाही.

रेडिओने ही अडचण संपवली. ४३३ मेगाहर्ट्झच्या स्वस्त ट्रिगरवर चार छोटे स्विच असायचे, म्हणजे १६ चॅनेल. त्यांचा दोष सिग्नलला लागणाऱ्या उशिरात होता. १/२५० सेकंद सिंक (फ्लॅशशी जुळणारा सर्वांत जलद शटर वेग) असलेल्या कॅमेऱ्यावरही १/१६० पर्यंत खाली यावे लागे, नाहीतर आडव्या फ्रेमच्या खालच्या कडेला काळा पट्टा येई. पुढे २.४ गिगाहर्ट्झवर ‘फायर’ या एका इशाऱ्याच्या जोडीला ग्रुप, पॉवर, मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) असा डेटाही जाऊ लागला. खरा बदल हाच.

पॉवरचा आदेश लाईटमध्ये पोहोचल्यावर काय होते, हेही पाहायला हवे. व्होल्टेज बदलून पॉवर ठरवणाऱ्या मोनोलाईटमध्ये (सगळे एकाच डब्यात असलेल्या स्टुडिओ फ्लॅशमध्ये) एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, कमी करायचा तर वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचे व्होल्टेज सुमारे ७१ टक्क्यांवर आणावे लागते, कारण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. साठलेला जादा चार्ज कुठेतरी टाकावाच लागतो. हा चार्ज आपोआप टाकणारा ऑटो डंप नसेल तर रिमोटवर आकडा बदललेला दिसतो, पण पुढचा फ्लॅश जुन्याच पॉवरने पडतो. म्हणून पॉवर उतरवल्यावर एकदा टेस्ट फायर करायची. आयजीबीटी (जलद इलेक्ट्रॉनिक स्विच) वाल्या लाईटमध्ये फ्लॅश मध्येच तोडला जातो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. मात्र कमी पॉवरला रंग निळसर होतो.

या सगळ्या काळात कोणत्याही कंपनीचा कॅमेरा आणि कोणत्याही कंपनीचा ट्रिगर यांना जोडणारी एकच गोष्ट जवळजवळ सगळीकडे समान होती, ती म्हणजे हॉट शूमधली मधली पिन. आणि नेमकी तीच २०१८-१९ च्या सुमारास एका आघाडीच्या कंपनीने आपल्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमधून काढून टाकली. चार डिजिटल संपर्कबिंदू राहिले, मधली जागा रिकामी झाली.

या निर्णयाच्या बाजूने एक मुद्दा आहे, आणि तो खरा आहे. हाय स्पीड सिंकमध्ये, म्हणजे सिंकपेक्षा जलद शटर वेगावर फ्लॅश वापरताना, पडदा सरकू लागण्याआधीच फ्लॅश सुरू व्हावा लागतो. मधली पिन जुळते ती पडदा पूर्ण उघडल्यावर, म्हणजे तिथे तिचा उपयोग नाहीच. ते काम डिजिटल बिंदूच करतात. पण स्टुडिओतले बहुतेक काम १/१२५ च्या आसपास मॅन्युअलवर होते, आणि तिथे ती एक पिन पुरेशी होती. तिच्याविना साधे मॅन्युअल ट्रिगर एका फटक्यात निकामी झाले. काही ट्रिगर-कंपन्यांनी फर्मवेअर (ट्रिगरमधले सॉफ्टवेअर) बदलून डिजिटल बिंदूंवरून फायरचा इशारा ओळखायला सुरुवात केली, पण ही सोय ठरावीक ट्रिगरपुरतीच राहिली. ज्याच्या हातात सर्वांत स्वस्त कॅमेरा आणि सर्वांत स्वस्त ट्रिगर, त्याच्याच वाट्याला ही अडचण आली. वाचलेल्या धातूच्या मानाने हे नुकसान फार मोठे आहे.

त्यामुळे लाईट पडत नसेल तर बिघाड शोधण्याचा क्रमही बदलला आहे. आधी ट्रिगरचे टेस्ट बटण दाबा. लाईट पडला नाही, तर चॅनेल, ग्रुप आणि आयडी दोन्हीकडे जुळवा. लाईट एक मीटरच्या आत असेल तर सिग्नल जास्त जवळ होऊनही चुकतो. ट्रिगरमध्ये कमी अंतराची सेटिंग असल्यास ती लावा. टेस्टला लाईट पडतो पण शटरला पडत नाही, तर रेडिओ ठीक आहे आणि दोष कॅमेरा व शू यांच्यामध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर बंद करा, ट्रिगर शूमध्ये पूर्ण आत सरकवून लॉक करा. तरीही जमले नाही, तर ट्रिगर काढून शूच्या मध्यभागी तो गोल बिंदू आहे का, ते पाहा.