दसरा चौकातली बोर्डिंगं आणि कंपन्यांचे दोन टक्के

दसरा चौकात एक फेरी मारली की बोर्डिंगांच्या इमारती दिसत जातात. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यांच्यामुळं. पण शाहू महाराजांनी सुरुवात काही जातवार वसतिगृहांनी केली नव्हती. १८९६ साली त्यांनी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं. तिथं बहुजनांची मुलं टिकेनात, तेव्हा त्यांनी वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. दरबारानं जागा आणि मदत द्यायची, चालवायचं त्या त्या समाजानं. द्यायचं कुणाला, हे ठरवताना आधी कोण दाराबाहेर राहिलंय ते पाहिलं गेलं.

आज कंपनीच्या फाउंडेशनमध्ये हा निर्णय होतो तेव्हा टेबलावर आधी कायदा असतो. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मत्ता (देणी वजा जाता उरलेली मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी मर्यादा गाठली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. ते कशावर घालायचे याची यादी याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे: आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वारसा, खेळ वगैरे. म्हणजे फाउंडेशनचं ‘प्राधान्य’ बहुतेक वेळा या यादीतूनच निवडलेलं असतं.

यादीच्या बारकाव्यांत कोल्हापूरकराला गंमत वाटावी अशा गोष्टी आहेत. कुस्तीच्या किंवा फुटबॉलच्या पोरांना प्रशिक्षण द्या, ते बसतं. त्याच पोरांच्या एखाद्या स्पर्धेला प्रायोजक होऊन मैदानभर फलक लावा, ते बसत नाही. मंडळाच्या वर्गणीचं तर नावच काढू नका. फक्त स्वतःच्या कामगारांच्या भल्याचा खर्चही चालत नाही.

आणि या जिल्ह्याचा निम्मा संसार ज्यावर चालतो ते साखर कारखाने आणि दूध संघ बहुतांश सहकारी. ते कंपनी कायद्याखाली येतच नाहीत. वारणानगरसारखी गावं कारखान्याच्या आधारानं उभी राहिली, शाळा-कॉलेजं निघाली, ती या कलमाच्या कितीतरी आधी. त्यामुळं इथं दोन टक्क्यांची गोष्ट मुख्यतः शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्री-मशीनशॉपवाल्यांची आणि बाहेरून आलेल्या मोठ्या कंपन्यांची.

त्यातही कायदा सांगतो की कंपनी जिथं चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये हे बंधन नसून दिशा आहे असं स्पष्ट केलं. तरी गेटसमोरच्या गावचा सरपंच रोज भेटतो, लांबच्या गगनबावड्याचा भेटत नाही. एमआयडीसीला चिकटून असलेल्या शाळेला नवी खोली मिळणं आणि शाहूवाडीतल्या धनगरवाड्याचं नाव बैठकीत न निघणं, यात कुणाचा दुष्टपणा नाही. अंतराचा हिशेब आहे.

आपत्तीनं मात्र हा क्रम मोडतो. आपत्ती व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय अनुसूचीत आला ३० मे २०१९ रोजी. त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ पाण्यात गेलं. मदत कुठल्या रकान्यात दाखवायची याचं उत्तर जेमतेम सव्वादोन महिने आधी तयार झालं होतं. एक खोच मात्र होती: मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले पैसे या दोन टक्क्यांत धरले जात नाहीत. मंत्रालयानं ते एप्रिल २०२० मध्ये स्पष्टच लिहून दिलं.

रकमेचंही बघायला हवं. सरासरी नफा ५ कोटी असेल तर वाट्याला येतात १० लाख. रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. घरच्या चार माणसांच्या कंपनीत म्हणजे एका चहात ठरतं. दहा लाखांत दवाखाना उभा राहत नाही. बेंच, पाण्याची टाकी, संगणक एवढंच होतं.

वर २०२१ पासून मुदतीचा काच आला. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत पंतप्रधान सहायता निधीसारख्या ठरलेल्या निधीत भरायची. अनेक वर्षं चालणारं काम हाती घेतलं असेल तर पैसे वेगळ्या खात्यात टाकून पुढची तीन वर्षं वापरता येतात, पण त्यासाठी आधी तसं काम आखलेलं असावं लागतं. बोर्डिंग चालवणं हे असंच काम. ज्यांनी ते आखलेलं नसतं त्यांच्या अकाउंट्स विभागाला फेब्रुवारीत जाग येते आणि मग ३१ मार्चच्या आत ज्याचं बिल मिळेल तेच त्या वर्षाचं प्राधान्य ठरतं.